खानापूरच्या रानात दडवलेली पेटी

इंग्लंडच्या नैऋत्येला असलेल्या डार्टमूर या उघड्या-बोडक्या माळावर जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने 1854 साली क्रॅनमिअर पूल या आडबाजूच्या दलदलीपाशी एक बाटली ठेवली. तिथवर पोहोचणाऱ्याने आपल्या नावाचे कार्ड तीत टाकावे, एवढीच त्यामागची कल्पना होती. पुढे बाटलीची पेटी झाली आणि पेटीत वही व रबरी शिक्का आला. शोधणाऱ्याने पेटीतला शिक्का आपल्या वहीत आणि आपला शिक्का पेटीतल्या वहीत उमटवायचा, पेटी होती तशी पुन्हा दडवायची आणि जागेचा बोभाटा करायचा नाही, असा हा ‘लेटरबॉक्सिंग’चा रिवाज रूढ झाला. मे 2000 मध्ये अमेरिकेने नागरी वापरासाठीचे जीपीएसचे उपग्रह-संकेत मुद्दाम धूसर करणे थांबवले आणि लगोलग अक्षांश-रेखांशांवरून पेट्या शोधण्याचा खेळ सुरू झाला. पण लेटरबॉक्सची खरी गंमत आकड्यांत नसून शब्दांत लिहिलेल्या खुणांत आहे.

हा खेळ बेळगाव भागात, विशेषतः खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडील जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात आणायचा झाला, तर डार्टमूरची पद्धत जशीच्या तशी चालत नाही. तिथे मैलभर अंतरावरचा ग्रॅनाइटचा सुळका दिसतो आणि दोन-तीन सुळक्यांच्या दिशा होकायंत्राने मोजल्या की जागा पक्की होते. आपल्याकडे पावसाळी रानात वीस पावलांपलीकडचे दिसेलच असे नाही, आणि जे दिसते तेही चार महिन्यांच्या पावसाने पार बदलून जाते. त्यामुळे इथे खूण लिहिणाऱ्याला आधी रानातले काय टिकते आणि काय टिकत नाही, हे ठरवावे लागते.

उदाहरणादाखल एक खूण घेऊ: ‘दोन ओढ्यांच्या संगमापासून उजव्या काठाने वर चढावे. पांढरट नाण्याचे झाड लागले की त्याला पाठ टेकवून 60 अंशांवर 40 पावले चालावे. जांभ्याच्या मोठ्या दगडाच्या उतरणीकडील बाजूस पाहावे.’

यातला पहिला आधार, म्हणजे संगम, चांगला टिकाऊ आहे. मात्र ‘उजवा काठ’ नेहमी प्रवाह वाहतो त्या दिशेला तोंड करून ठरवतात. वर चढणाऱ्याच्या तो डाव्या हाताला येतो. या भागात प्रवाहाची दिशा गृहीत धरणेही धोक्याचे आहे. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पूर्वेकडे वळून कृष्णेला मिळते, तर त्याच तालुक्यातील देगावजवळ उगम पावणारी म्हादेई पश्चिमेकडे गोव्यात उतरते. जलविभाजकाच्या अल्याड-पल्याडचे दोन ओढे एकमेकांकडे पाठ फिरवून दोन वेगळ्या समुद्रांकडे निघालेले असतात. उन्हाळ्यात पात्र कोरडे पडले की प्रवाहाची दिशा दगडांमागे साचलेल्या वाळूवरून आणि मुळांत अडकलेल्या पालापाचोळ्यावरून ओळखावी लागते.

दुसरा आधार झाडाचा. पानांवरून लिहिलेली खूण फाल्गुनात निरुपयोगी ठरते, कारण या रानातील अनेक झाडे तेव्हा निष्पर्ण असतात. सालीचे तसे नाही. नाण्याची साल गुळगुळीत व फिकट असते आणि तिचे पातळ पापुद्रे सुटून खाली पडतात. शेजारच्याच ऐनाची साल काळपट, जाड आणि मगरीच्या पाठीसारखी चौकोनी चिरांनी भरलेली असते. एकदा हात फिरवून पाहिले की पुन्हा गफलत होत नाही. याउलट ‘कारवीच्या दाटीतून पुढे’ असे लिहिणे म्हणजे मुदतीची खूण लिहिणे होय: कारवी साधारण सात वर्षांनी एकदम फुलते, बी धरते आणि सगळी एकाच वेळी मरते, मग दाटीच्या जागी वाळक्या काड्या उरतात.

तिसरा आधार दिशेचा आणि अंतराचा. होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत बेळगाव परिसरात फारसा फरक नाही, त्यामुळे दुरुस्तीची कटकट वाचते. जांभ्यात लोह भरपूर असले, तरी ते मुख्यतः क्षीण चुंबकत्वाच्या खनिजांत बांधलेले असते. बेसॉल्टमध्ये, म्हणजे काळ्या कातळात, मात्र मॅग्नेटाइट या तीव्र चुंबकी खनिजाचे कण असतात आणि वीज पडलेल्या कातळावर सुई भरकटू शकते. अर्थात, सुई बिघडण्याचे कारण बहुधा कातळ नसून शोधणाऱ्याच्या हातातला मोबाइलच असतो. दिशेत पाच अंशांची चूक झाली, तर साठ मीटरांवर आपण सुमारे पाच मीटर बाजूला जातो, आणि दाट झुडपांत तेवढे अंतर पेटी हुकायला पुरते. पावलांचेही असेच आहे. चढावर पाऊल आखडते. शिवाय 30 अंशांच्या उतारावर शंभर मीटर चालले, तरी नकाशावरचे आडवे अंतर 87 मीटरच भरते. म्हणून माझ्या मते पन्नासपेक्षा जास्त पावले एका दमात लिहूच नयेत. मध्ये एखादी ठसठशीत खूण द्यावी.

सूर्यावर विसंबण्याची सवयही इथे तपासून घ्यावी लागते. ‘दुपारची सावली उत्तरेला’ हे शाळेत शिकलेले सूत्र या अक्षांशावर वर्षभर लागू पडत नाही. मेच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास सूर्य मध्यान्ही डोक्यावर येतो आणि त्यानंतर ऑगस्टच्या पूर्वार्धापर्यंत तो मध्यान्ही उत्तरेकडे असल्याने आखूड सावली दक्षिणेला पडते. पावसाळ्यात तर सूर्य दिसतच नाही. जर्मनीतील संशोधक यान सोमन आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये दाखवून दिले की ढगाळ दिवशी जंगलात सरळ चालू पाहणारी माणसे नकळत गोल फिरून आपल्याच वाटेवर परत येतात, तर सूर्य दिसत असेल तेव्हा बऱ्यापैकी सरळ जातात. डोळे बांधल्यावर ही वर्तुळे कधीकधी 20 मीटर व्यासाइतकी लहान होतात.

पेटीचा सर्वात मोठा शत्रू पाणी आहे, आणि ते नेहमी फटीतून गळूनच येते असे नाही. उन्हात 45 अंशांपर्यंत तापलेली बंद पेटी वळवाच्या सरीने 22 अंशांवर आली, की आतली हवा सुमारे सात टक्के आकुंचते आणि झाकणाच्या कडेवरचे पाणी आत ओढले जाते. म्हणून पेटी सावलीत ठेवावी, झाकणाला रबरी कडे असावे आणि आत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी टाकावी.

जागा निवडताना दगडांखालची बिळे आणि खोल कपारी सरळ वगळाव्यात. जांभ्याच्या दगडांआड फुरसे दडलेले असते आणि न पाहता घातलेला हात जिवावर बेतू शकतो. दगड उलथणे हे तिथे राहणाऱ्यांवरही अन्यायाचे आहे. पाय नसलेला, गांडुळासारखा दिसणारा उभयचर, म्हणजेच देवगांडूळ, ओल्या मातीत आणि दगडांखालीच राहतो, आणि म्हादेईचे नाव मिळालेली त्याची एक जात 2007 मध्ये याच भागातील चोर्ल्याच्या परिसरातून विज्ञानाला ज्ञात झाली. खानापूर तालुक्यातील, 2011 मध्ये घोषित झालेल्या भीमगड अभयारण्यात तर वनखात्याच्या परवानगीशिवाय पेटी ठेवण्याचा विचारही करू नये. गावाजवळची काजूची बाग किंवा मालकी रान, तेही मालकाला विचारून, या कामाला पुरेसे आहे. पेटी ठेवणाऱ्याने दरवर्षी दसऱ्यानंतर गवत वाळू लागले की स्वतः ती वाट चालून यावे, ओली वही बदलावी आणि पावसाने मोडलेली खूण नव्याने लिहावी.