इराकमधील महासंहारक शस्त्रास्त्रांचे दावे (२००२–०३)

अमेरिका, ब्रिटन व त्यांच्या मित्रराष्ट्रांनी मार्च २००३ मध्ये इराकवर आक्रमण केले. त्याच्या समर्थनार्थ जगापुढे मांडलेली आणि पुढे बहुतांशी खोटी ठरलेली गुप्तवार्ता या नोंदीचा विषय आहे. सद्दाम हुसेन यांच्या राजवटीकडे रासायनिक व जैविक शस्त्रांचे साठे आहेत, तिने अणुबॉम्बचा कार्यक्रम पुन्हा हाती घेतला आहे आणि अल कायदाशी तिचे संधान आहे, असे तीन मुख्य दावे होते. हजाराहून अधिक माणसांच्या पथकाने युद्धानंतर दीड वर्ष देश पिंजून काढला. ना साठे सापडले, ना चालू अणुकार्यक्रम.

हा सगळा प्रकार मराठी वाचकाला क्रियापदाच्या दोन रूपांतून नेमका समजेल. विश्लेषकांच्या टिपणांत ‘साठे असावेत’ असे होते, व्यासपीठावर पोचेपर्यंत त्याचे ‘साठे आहेत’ झाले. शंका कोणालाच आली नाही, असे म्हणणे चूक आहे. ती त्याच कागदांत, बहुतेक वेळा त्याच पानावर, लिहिलेली होती.

पार्श्वभूमी : संशय हवेतून आलेला नव्हता. इराणशी झालेल्या युद्धात (१९८०–८८) इराकने विषारी वायू वापरला होता. मार्च १९८८ मध्ये हलबजा या गावात याच वायूने हजारो कुर्द नागरिक मारले गेले. इराकने १९९० मध्ये बळकावलेले कुवेत मुक्त झाल्यावर एप्रिल १९९१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक ६८७ करून इराकला ही सर्व शस्त्रे निरीक्षकांच्या देखरेखीखाली नष्ट करायला लावले. इराकने काही शस्त्रे निरीक्षकांसमोर नष्ट केली, पण बरीचशी त्याच वर्षी गुपचूप नष्ट करून टाकली आणि त्याची धड नोंदही ठेवली नाही. जैविक शस्त्रांचा कार्यक्रम तर १९९५ पर्यंत दडवून ठेवला. त्या वर्षी सद्दामचे जावई हुसेन कामेल जॉर्डनला पळाले. शस्त्रे आपल्याच आदेशाने नष्ट केल्याचे त्यांनी निरीक्षकांना सांगितले होते. पुढे त्यांच्या जबानीतला लपवाछपवीचा भाग सर्वत्र उद्धृत झाला, नष्ट केल्याचा भाग मात्र मागे पडला.

डिसेंबर १९९८ मध्ये निरीक्षक इराकमधून बाहेर पडले. त्यानंतरची चार वर्षे आतले काही दिसेनासे झाले आणि कागदोपत्री न जुळणाऱ्या आकड्यांना भलतेच महत्त्व आले. ज्या साठ्याचा हिशेब लागत नाही तो दडवलेलाच आहे, असे गृहीत धरले जाऊ लागले. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर या गृहीताला प्रश्न विचारणारे वॉशिंग्टनमध्ये फार थोडे उरले.

ॲल्युमिनियमच्या नळ्या : संशयाची खात्री कशी झाली, हे या नळ्यांच्या प्रकरणात सर्वांत स्पष्ट दिसते. इराकने परदेशातून मागवलेल्या मजबूत मिश्रधातूच्या हजारो नळ्यांपैकी काही २००१ मध्ये जॉर्डनमध्ये अडवल्या गेल्या. युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूजसाठीच (अतिवेगाने फिरणाऱ्या यंत्रांसाठीच) त्या आहेत, असे सीआयएचे म्हणणे पडले. सेंट्रिफ्यूजचे खरे जाणकार अमेरिकेच्या ऊर्जा विभागात होते आणि त्यांनी ते अमान्य केले. सेंट्रिफ्यूजच्या मानाने नळ्या अरुंद होत्या, त्यांची भिंत जाड होती आणि पृष्ठभागावर चढवलेला लेप आधी खरवडून काढावा लागला असता. उलट इराकी सैन्य वापरत असलेल्या ८१ मिलिमीटर व्यासाच्या तोफखान्याच्या रॉकेटशी त्यांची मापे तंतोतंत जुळत होती. हे रॉकेट एका इटालियन रॉकेटची नक्कल होते आणि त्याचे कवच तशाच नळीचे असे. परराष्ट्र खात्याच्या विश्लेषकांनी ऊर्जा विभागाची बाजू उचलून धरली.

हा मतभेद मिटलेला नसतानाच ८ सप्टेंबर २००२ च्या रविवारी नळ्यांची बातमी ‘न्यू यॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर झळकली. उपाध्यक्ष डिक चेनी यांनी त्याच दिवशी दूरचित्रवाणीवर तिचा हवाला दिला. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार कोंडोलीझा राइस म्हणाल्या की या नळ्या खऱ्या अर्थाने अण्वस्त्र कार्यक्रमालाच योग्य आहेत, आणि पुरावा हाती येण्याची वाट पाहिली तर तो अणुस्फोटाच्या ढगाच्या रूपाने येईल. सरकारातूनच फुटलेली माहिती वर्तमानपत्रात छापून येते आणि सरकारच तिच्याकडे स्वतंत्र दाखला म्हणून बोट दाखवते, असे हे वर्तुळ होते. त्या रविवारी नळ्यांवर ज्यांचा खरा अधिकार होता, ते ऊर्जा विभागातले अभियंते कोणाच्या पडद्यावर नव्हते.

ऑक्टोबरात सिनेटच्या मागणीवरून तीन आठवड्यांच्या आत तयार केलेल्या ‘राष्ट्रीय गुप्तवार्ता आकलन’ या नव्वदेक पानांच्या गोपनीय दस्तऐवजात हे मतभेद नोंदले होते. जनतेसाठी काढलेल्या संक्षिप्त आवृत्तीत मात्र ते पुसट झाले. संपूर्ण दस्तऐवज वाचण्याची तसदी फारच थोड्या सिनेटरांनी घेतली. तरी ११ ऑक्टोबरला सिनेटने ७७ विरुद्ध २३ मतांनी अध्यक्ष जॉर्ज बुश यांना युद्धाचा अधिकार दिला. आदल्या दिवशी प्रतिनिधिगृहातले मतदान २९६ विरुद्ध १३३ असे झाले होते.

नायजरचे युरेनियम : इराक पश्चिम आफ्रिकेतल्या नायजरकडून ५०० टन युरेनियम विकत घेत असल्याचे दाखवणारी कागदपत्रे इटलीमार्गे अमेरिकेच्या हाती पडली. याच बातमीची शहानिशा करायला सीआयएने फेब्रुवारी २००२ मध्येच माजी राजदूत जोसेफ विल्सन यांना नायजरला धाडले होते आणि त्यांना तिच्यात तथ्य आढळले नव्हते. बुश यांच्या ऑक्टोबर २००२ च्या एका भाषणातून सीआयएने हा उल्लेख काढायला लावला. २८ जानेवारी २००३ च्या त्यांच्या वार्षिक अभिभाषणात तो ब्रिटिश सरकारच्या हवाल्याने परत आला. कागद मिळताच आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने त्यांची तपासणी केली. २००० सालच्या एका पत्रावर ज्या मंत्र्याची सही होती, तो १९८९ पासून त्या पदावरच नव्हता. ७ मार्चला संस्थेचे प्रमुख मोहम्मद अल बरादेई यांनी ही कागदपत्रे अस्सल नसल्याचे सुरक्षा परिषदेला सांगितले. आक्रमणाला तेव्हा दोन आठवडेही उरले नव्हते. ब्रिटनने आपला आधार वेगळा असल्याचे सांगून दावा कायम ठेवला आणि युद्धापूर्वीची गुप्तवार्ता तपासणाऱ्या २००४ च्या ब्रिटिश बटलर समितीने तो मान्यही केला. या मुद्द्यावर आजही एकमत नाही.

‘कर्व्हबॉल’ : इराककडे मालमोटारींवर बसवलेल्या फिरत्या जैविक प्रयोगशाळा असल्याचा दावा जवळजवळ सर्वस्वी एका माणसाच्या तोंडी माहितीवर उभा होता. ‘कर्व्हबॉल’ हे त्याचे सांकेतिक नाव. तो इराकी रसायन अभियंता होता. १९९९ मध्ये जर्मनीत येऊन त्याने आश्रय मागितला. जर्मन हेरखात्याने त्याच्या जबान्यांवरून जवळपास शंभर अहवाल अमेरिकेला धाडले, पण त्याला भेटू दिले नाही. युद्धापूर्वी त्याला प्रत्यक्ष पाहिलेला अमेरिकी अधिकारी एकच होता आणि त्याला या माणसाच्या भरवशाबद्दल शंका होती. संयुक्त राष्ट्रांपुढील सादरीकरणाच्या आदल्या दिवशी त्याने ती लेखी कळवली. वरिष्ठाचे उत्तर पुढे सिनेटच्या अहवालात छापले गेले. कर्व्हबॉल काय बोलला आणि काय नाही याने फरक पडत नाही, युद्ध होणारच आहे, असा त्याचा आशय होता. हे उत्तर मला या साऱ्या दप्तरातील सर्वांत महत्त्वाचा कागद वाटते. निर्णय आणि पुरावा यांतले आधी काय आले, ते त्यावरून कळते.

बगदादजवळच्या ज्या ठिकाणी गाड्या एका दाराने शिरून दुसऱ्याने बाहेर पडतात असे त्याने सांगितले होते, तिथे निरीक्षक फेब्रुवारी २००३ मध्ये जाऊन आले. वाटेत भिंत होती, गाडी निघणे शक्यच नव्हते. २०११ मध्ये त्याने स्वतः सगळे रचून सांगितल्याची कबुली दिली. सद्दामची सत्ता जावी अशी त्याची इच्छा होती.

अल कायदाशी संबंध असल्याच्या दाव्यामागची कथा याहून काळीकुट्ट आहे. पकडला गेलेला लिबियन बंदी इब्न अल शेख अल लिबी याला अमेरिकेने इजिप्तच्या हवाली केले. इराकने अल कायदाच्या माणसांना रासायनिक व जैविक शस्त्रांचे शिक्षण दिल्याचे त्याने तिथे सांगितले. तो रचून सांगत असावा, असा इशारा अमेरिकी संरक्षण खात्याच्या गुप्तवार्ता विभागाने फेब्रुवारी २००२ मध्येच दिला होता. २००४ मध्ये त्याने जबानी मागे घेतली. छळ थांबावा म्हणून आपण तसे बोललो, असे तो म्हणाला. छळाखाली वदवून घेतलेले एक वाक्य पुढे सुरक्षा परिषदेत पुरावा म्हणून उच्चारले गेले.

ब्रिटनमधील पंचेचाळीस मिनिटे : २४ सप्टेंबर २००२ रोजी ब्रिटिश सरकारने पंतप्रधान टोनी ब्लेअर यांच्या प्रस्तावनेसह एक पुस्तिका काढली. हुकूम मिळाल्यापासून ४५ मिनिटांत इराकी सैन्य रासायनिक वा जैविक शस्त्रे सज्ज करू शकते, असे तिच्यात होते. ही माहिती एकाच सूत्राकडून, तीही ऐकीव, आलेली होती आणि ती रणांगणावर वापरायच्या आखूड पल्ल्याच्या दारूगोळ्याविषयी होती. पुस्तिकेत हा खुलासा नव्हता. वृत्तपत्रांनी ब्रिटनच पाऊण तासाच्या टप्प्यात आल्यासारखे मथळे दिले आणि सरकारने ते दुरुस्त केले नाहीत.

पुस्तिकेत रंग भरला गेल्याची बातमी बीबीसीने मे २००३ मध्ये दिली. तिचे सूत्र म्हणून शस्त्रतज्ज्ञ डेव्हिड केली यांचे नाव उघड झाले. जुलैमध्ये ते मृतावस्थेत सापडले. हटन चौकशीने ती आत्महत्या असल्याचा निष्कर्ष काढला.

५ फेब्रुवारी २००३ : परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सव्वा तास बोलून हे सर्व दावे सुरक्षा परिषदेपुढे मांडले. सरकारात सर्वाधिक विश्वासार्ह माणूस म्हणून त्यांची ख्याती होती आणि म्हणूनच हे काम त्यांच्याकडे आले. व्हाइट हाउसकडून आलेला मसुदा त्यांनी बाजूला सारला. काही दिवस सीआयएच्या मुख्यालयात बसून त्यांनी भाषण घासूनपुसून घेतले. त्यांच्याच खात्याच्या विश्लेषकांनी कच्ची म्हणून खूण केलेली बरीच विधाने गळाली, काही राहिली. भाषणात त्यांनी चिमूटभर भुकटीची कुपी वर धरून दाखवली, उपग्रहचित्रे दाखवली, इराकी अधिकाऱ्यांची चोरून ऐकलेली संभाषणे वाजवली. मागे सीआयएचे संचालक जॉर्ज टेनेट बसले होते. प्रत्येक विधानाला भक्कम आधार असल्याची ग्वाही पॉवेल यांनी दिली. आपल्या कारकिर्दीवरचा हा डाग असल्याचे त्यांनी २००५ मध्ये मान्य केले.

निरीक्षक काय म्हणत होते : नोव्हेंबर २००२ पासून संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक पुन्हा इराकमध्ये होते. स्वीडनचे हान्स ब्लिक्स त्यांचे प्रमुख. साडेतीन महिन्यांत त्यांनी सातशेहून अधिक तपासण्या केल्या. पाश्चात्त्य गुप्तचर संस्थांनी सांगितलेल्या ठिकाणीही महासंहारक शस्त्रे मिळाली नाहीत. ठरवून दिलेल्या १५० किलोमीटरहून लांब जाणारी ‘अल समूद २’ क्षेपणास्त्रे आढळली आणि ती मोडायचे काम मार्चमध्ये चालूही झाले. उरलेली तपासणी पुरी व्हायला आणखी काही महिने लागतील, असे ब्लिक्स यांनी सांगितले. ते महिने मिळाले नाहीत. १८ मार्चला निरीक्षक बाहेर पडले, २० मार्चला पहाटे बगदादवर बॉम्ब पडू लागले.

ब्रिटिश मंत्रिमंडळातून रॉबिन कुक १७ मार्चला बाहेर पडले. रूढ अर्थाने ज्यांना महासंहारक म्हणावे अशी शस्त्रे इराककडे बहुधा नाहीत, असे त्यांनी राजीनाम्याच्या भाषणात सांगितले. उपलब्ध माहितीतून योग्य अर्थ काढणे त्या वेळीही शक्य होते, याचा हा उघड दाखला.

युद्धानंतर : शोधपथकाचे पहिले प्रमुख डेव्हिड के यांनी जानेवारी २००४ मध्ये पद सोडले आणि आपण बहुतेक सगळेच चुकलो, असे सिनेटला सांगितले. त्यांच्या जागी आलेल्या चार्ल्स डुएल्फर यांच्या अहवालानुसार रासायनिक साठे १९९१ मध्येच नष्ट झाले होते आणि अणुकार्यक्रमही त्याच वर्षी संपला होता. फिरत्या प्रयोगशाळा म्हणून गाजवलेले दोन ट्रेलर फुग्यांसाठी हायड्रोजन तयार करायचे निघाले. पुढील वर्षांत १९९१ पूर्वीचे, गंजलेले हजारो रासायनिक तोफगोळे इकडेतिकडे मिळाले आणि ते हाताळताना काही सैनिकांना इजाही झाली. युद्धापूर्वी वर्णिलेले साठे ते हेच, असे कोणी म्हणत असेल तर ते खरे नाही.

मग आपले हात रिकामे असल्याचे सद्दामनी उघडपणे का दाखवले नाही? इराणच्या भीतीने त्यांना संदिग्धता हवी होती, असे उत्तर डुएल्फर अहवाल देतो. दुबळेपण उघड करणे त्यांना शस्त्रांच्या आरोपाइतकेच घातक वाटत होते.

खोटेपणा की चूक : हा वाद अजून चालू आहे. सिनेटच्या समितीने जुलै २००४ मध्ये मुख्य निष्कर्ष अतिरंजित किंवा निराधार ठरवले आणि दोष गुप्तचर संस्थांच्या सामूहिक गृहीतांना दिला. राजकीय दबावाचा पुरावा मिळाला नाही, असेही ती म्हणाली. परंतु २००५ मध्ये उघड झालेल्या २३ जुलै २००२ च्या डाउनिंग स्ट्रीटच्या (ब्रिटिश पंतप्रधानांच्या कार्यालयाच्या) टिपणात ब्रिटिश हेरप्रमुखांचे निरीक्षण नोंदलेले आहे. वॉशिंग्टनमध्ये धोरण ठरले असून गुप्तवार्ता व तथ्ये त्याभोवती बसवली जात आहेत, असे ते सांगत होते. ब्रिटनच्या युद्धसहभागाची चौकशी करणाऱ्या जुलै २०१६ मधील चिलकॉट अहवालाने निष्कर्ष ज्या खात्रीने मांडले गेले, त्या खात्रीला आधार नव्हता असे म्हटले. सिद्ध झालेले एवढे पाहिले, तरी प्रत्येक जण मुद्दाम खोटे बोलला असे म्हणता येत नाही. पण जाणकारांच्या शंका माहीत असताना त्या जनतेपासून दूर ठेवणे ही चूक नव्हती, ती निवड होती. सुमारे ४,५०० अमेरिकी सैनिक आणि नोंद झालेले एक लाखाहून अधिक इराकी नागरिक या युद्धात व त्यानंतरच्या हिंसाचारात मेले.

भारताची भूमिका : एप्रिल २००३ मध्ये मनोहर जोशी लोकसभेचे अध्यक्ष असताना संसदेने आक्रमणाविरुद्ध ठराव केला. त्यात परकी फौजांच्या माघारीची मागणी होती. शब्द कोणता वापरायचा, यावर सरकार व विरोधक यांच्यात बराच खल झाला. हिंदी पाठात ‘निंदा’ आला, इंग्रजीत त्याहून सौम्य शब्द. त्यानंतर अमेरिकेने इराकमध्ये बंदोबस्तासाठी भारतीय सैन्याची मागणी केली. १४ जुलै २००३ रोजी वाजपेयी सरकारच्या सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीने, संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नसल्याने सैन्य पाठवता येणार नाही, असा निर्णय घेतला.