वजनदार स्वाराला उंच घोडाच लागतो?

हा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय, आणि त्यात घोड्यांचे हाल होतात. थरोब्रेड या शर्यतीच्या उंच, सडपातळ जातीच्या घोड्यापेक्षा आखूड पाठ, रुंद भरदार कंबर आणि गुडघ्याखाली जाड हाड असलेला बुटका घोडा ओझं चांगलं पेलतो. आइसलँडिक घोडा खांद्यापाशी दीड मीटरही नसतो, तरी मोठ्या माणसांना आरामात नेतो.

अमेरिकेत २००८ साली आठ घोड्यांवर झालेल्या अभ्यासात ओझं घोड्याच्या वजनाच्या २५-३० टक्क्यांवर गेल्यावर स्नायू जास्त दुखावलेले दिसले. म्हणून २० टक्के ही मर्यादा धरतात: ४०० किलोच्या घोड्यावर ८० किलो, तेही खोगिरासकट! घोडा लठ्ठ असेल तर त्याची चरबी या हिशेबात धरू नका. तिने ताकद वाढत नाही.