पडद्यावर ०२०, फाइलमध्ये २०

वेबसाइटवर ग्राहकांची यादी नीट दिसत असते. एसटीडी कोडच्या रकान्यात पुण्याचा ०२० जागेवर असतो, नावं स्वच्छ मराठीत वाचता येतात. मग कोणीतरी 'डाउनलोड करा' हे बटण दाबतं, फाइल एक्सेलमध्ये उघडते आणि ०२० चं २० झालेलं असतं. नावांच्या जागी तर अगम्य चिन्हांची रांग लागलेली असते. डेटाबेस तोच, सर्व्हरही तोच. मग वाटेत काय झालं?

आधी पडद्याची बाजू पाहू. वेबच्या सुरुवातीच्या काळात बहुतेक पानं आधीच लिहून ठेवलेली असत. मजकूर बदलायचा तर फाइल हाताने बदलायची. मागणी येईल तेव्हा सर्व्हरवर पान तयार करणारे छोटे प्रोग्राम, म्हणजे स्क्रिप्ट, आल्या आणि चित्र पालटलं. त्यातली सर्वांत पसरलेली भाषा म्हणजे पीएचपी. रास्मस लेरडॉर्फ यांनी ती १९९५ साली लोकांसाठी खुली केली. भाषा कोणतीही असो, काम तेच: ब्राउझरची विनंती आली की स्क्रिप्ट डेटाबेसला एसक्यूएल या त्याच्या भाषेत प्रश्न विचारते, उत्तरात नोंदी मिळतात, आणि एकेक नोंद घेऊन ती एचटीएमएल या वेबपानांच्या भाषेत तक्ता रचते. ब्राउझरच्या हाती फक्त तयार तक्ता पडतो.

पाच लाख नोंदी एका पानावर कोणी दाखवत नाही. पन्नास-पन्नासचे तुकडे करतात. इथे एक बारकावा बऱ्याचदा सुटतो. नोंदींचा क्रम एसक्यूएलमध्ये स्पष्ट सांगितला नाही, तर डेटाबेस तो कसाही ठरवू शकतो. मग एखादी नोंद दोन पानांवर दिसते आणि दुसरी कुठेच दिसत नाही. निकालाच्या यादीत एखाद्या मुलीचं नाव असं गळलं, तर घरी काय होईल याचा विचार करून तरी क्रम सांगणारी ती एक ओळ लिहायला हवी.

आता डाउनलोड. प्रश्न तोच, नोंदीही त्याच. सर्व्हर प्रत्येक उत्तराआधी काही सूचना पाठवतो, त्यांना हेडर म्हणतात. पान दाखवताना हेडर सांगतो की हे एचटीएमएल आहे आणि अक्षरं यूटीएफ-८ या पद्धतीने बाइटमध्ये, म्हणजे संगणकाच्या साठवणीच्या छोट्या एककांत, लिहिली आहेत. डाउनलोडच्या वेळी तो सांगतो की हे सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला साधा मजकूर) आहे, दाखवू नकोस, अमुक नावाने साठव. पण फाइल डिस्कवर साठवली गेली की हेडर मागेच राहतो. फाइलमध्ये उरतो तो फक्त मजकूर.

'पुणे' हा शब्द घ्या. प, उकार, ण आणि मात्रा असे चार घटक. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक घटकाला तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण बारा बाइट. ब्राउझरला पद्धत सांगितलेली असते, म्हणून तो तीन-तीन बाइट एकत्र वाचतो. सीएसव्हीवर डबल-क्लिक केल्यावर एक्सेलला तसं सांगणारं कोणीच नसतं. अनेकदा तो जुन्या पाश्चात्त्य पद्धतीने एका बाइटला एक अक्षर मानतो आणि 'पुणे'च्या जागी बारा चिन्हांचा पसारा मांडतो. उपाय छोटा आहे: फाइलच्या अगदी सुरुवातीला तीन ठरावीक बाइट लिहायचे. त्यांना बीओएम म्हणतात. ते दिसले की एक्सेल यूटीएफ-८ ओळखतो.

आकड्यांचं दुखणं याहून खोल आहे. डेटाबेसमध्ये प्रत्येक रकान्याचा प्रकार ठरलेला असतो: हा मजकूर, ही तारीख, ही संख्या. सीएसव्हीत प्रकार लिहायला जागाच नाही. तिथे फक्त स्वल्पविराम, अवतरणचिन्हं आणि नव्या ओळी असतात. 'कोथरूड, पुणे' असा स्वल्पविराम असलेला पत्ता अवतरणात ठेवायचा, एवढं सीएसव्हीचं स्वरूप सांगणारं २००५ सालचं आरएफसी ४१८० हे तांत्रिक टिपण सांगतं. ०२० ही संख्या नसून मजकूर आहे हे सांगायची सोय त्यात नाही. म्हणून एक्सेल अंदाज बांधतो. सुरुवातीचं शून्य उडतं. बारा अंकी आधार क्रमांक घातांकाच्या रूपात, शेवटी 'E+11' लागून, दिसतो. संख्येचे फक्त पहिले पंधरा अंक राखले जातात, त्यामुळे सोळा अंकी कार्ड क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो. ती फाइल तशीच सेव्ह केली, तर हरवलेला अंक त्या फाइलमधून परत मिळत नाही.

या अंदाजाची झळ थेट जीवशास्त्राला बसली. मानवी जनुकांच्या एका गटाच्या संक्षिप्त नावांत 'सेप्ट' आणि पुढे आकडा होता, दुसऱ्या गटाच्या नावांत 'मार्च' आणि पुढे आकडा. ही महिन्यांची नावं समजून एक्सेलने त्यांच्या तारखा केल्या. जनुकांच्या याद्या एक्सेल फाइलमध्ये जोडलेले शोधनिबंध २०१६ साली तपासले गेले, तेव्हा सुमारे एक पंचमांश निबंधांत अशा चुका सापडल्या. अखेर जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये नवे नियम जाहीर केले आणि ही नावंच बदलली. 'सेप्ट१' आता 'सेप्टिन१' आहे. सॉफ्टवेअरच्या सवयीपुढे विज्ञानाने आपली परिभाषा बदलावी, हे मला आजही खटकतं. मायक्रोसॉफ्टने हे आपोआप होणारे बदल बंद ठेवण्याची सोय दिली ती २०२३ मध्ये.

इंग्लंडमध्ये तर नोंदीच गायब झाल्या. प्रयोगशाळांकडून कोविड चाचण्यांचे निकाल सीएसव्हीत येत आणि तिथली आरोग्य यंत्रणा ते एक्सेलच्या जुन्या साच्यात ओतत असे. त्या स्वरूपात एका शीटवर जास्तीत जास्त ६५,५३६ ओळी मावतात. एका रुग्णासाठी अनेक ओळी लागत, आणि मर्यादेपलीकडच्या ओळी गळत राहिल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या काळातले १५,८४१ बाधित रोजच्या आकडेवारीत आलेच नाहीत. त्या लोकांना स्वतःचा निकाल कळला होता, पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध लांबला. साथीच्या दिवसांत या उशिराची किंमत माणसं मोजतात.

म्हणून स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने, जमेल तिथे, खरी एक्सएलएसएक्स फाइल तयार करून द्यावी. ती म्हणजे एक्सएमएल फाइलींचं, म्हणजे माहितीला खुणांची लेबलं लावलेल्या मजकूर फाइलींचं, झिप केलेलं गाठोडं. त्यात प्रत्येक कप्प्याचा प्रकार लिहिता येतो, म्हणून ०२० हे ०२० च राहतं. पीएचपीसाठी पीएचपीस्प्रेडशीट, पायथनसाठी ओपनपायएक्सएल ही साधनं मोफत मिळतात. तिथेही एका शीटवर १०,४८,५७६ ओळींची मर्यादा आहेच, तेव्हा मोठी यादी तोडावी लागते. आणि लोकांनी फॉर्ममध्ये भरलेला मजकूर बरोबरच्या चिन्हाने (=) सुरू होत असेल, तर तो मजकूर म्हणूनच लिहिला जाईल हे पाहावं. नाहीतर एक्सेल त्याला सूत्र समजतो, आणि एखाद्याने मुद्दाम टाकलेलं सूत्र फाइल उघडणाऱ्याच्या संगणकावर चालू शकतं.

हाती सीएसव्हीच आली असेल, तर तिच्यावर डबल-क्लिक करू नका. एक्सेलमधल्या 'डेटा' मेनूतून ती आत घ्या, यूटीएफ-८ निवडा आणि फोन, खाते क्रमांक, हजेरी क्रमांक हे रकाने 'टेक्स्ट' ठरवा. मग फाइलमधल्या ओळी मोजा आणि वेबसाइटवर दिसणाऱ्या एकूण नोंदींशी ताडून पाहा.