त्या गोळीत हार्मोन नसतंच

मावसबहिणीला पीसीओएसमुळे, म्हणजे हार्मोन्सचा तोल बिघडून बीज वेळेवर न पिकण्याच्या त्रासामुळे, पाळी तीन-तीन महिने यायची नाही, म्हणून डॉक्टरांनी बीज पिकवण्यासाठी लेट्रोझोलची गोळी लिहून दिली, तर घरात लगेच सुरू झालं की हार्मोनच्या गोळ्या नकोत, त्यापेक्षा 'गाठी विरघळवणारं' चूर्ण घे. मुळात त्या गाठी नसतातच हो! सोनोग्राफीत अंडाशयाच्या कडेने मोत्यांच्या माळेसारखे जे काळे ठिपके दिसतात ती अर्धवट वाढून अडकलेली फॉलिकल्स, म्हणजे बीजाच्या पिशव्या असतात, 2 ते 9 मिलिमीटरची, आणि प्रत्येकात एक बीज असतं. विरघळवणार काय?

आणि गोळीत हार्मोनही नसतं. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हेच. फॉलिकल वाढवणारं एफएसएच हे हार्मोन मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी सोडते, आणि रक्तात इस्ट्रोजेन पुरेसं दिसलं की हात आखडता घेते. पीसीओएसमध्ये एलएच (पिट्युटरीचंच दुसरं हार्मोन) आणि पुरुषी हार्मोन्स जास्त, एफएसएच त्या मानाने कमी, म्हणून एकही फॉलिकल पुढे सरकत नाही. अरोमाटेज नावाचं एन्झाइम पुरुषी हार्मोनपासून इस्ट्रोजेन बनवतं, लेट्रोझोल ते एन्झाइमच अडवतं, मग इस्ट्रोजेन घसरतं, पिट्युटरीला वाटतं कमी पडतंय आणि ती स्वतःचं एफएसएच वाढवते. गोळी पाचच दिवस, साधारण पाळीच्या तिसऱ्या ते सातव्या. नंतर औषध उतरतं, पुढे गेलेलं फॉलिकल परत इस्ट्रोजेन बनवू लागतं, एफएसएच खाली येतं आणि मागे राहिलेली फॉलिकल्स उपाशी पडून सुकतात, म्हणून बहुतेक वेळा एकच बीज पिकतं. एफएसएचचं इंजेक्शन बाहेरून दिलं की हा लगाम सुटतो, मग जुळी-तिळी होण्याची किंवा अंडाशय सुजण्याची भीती, म्हणून तिथे डोस अगदी थोडा आणि सोनोग्राफी वारंवार.

लेट्रोझोल मूळचं ब्रेस्ट कॅन्सरचं औषध. वंध्यत्वासाठी ते वापरायला भारतात 2011 मध्ये बंदी आली, 2017 मध्ये उठली. मधे 2014 मध्ये अमेरिकेत पीसीओएस असलेल्या 750 बायकांवरच्या चाचणीत क्लोमिफेन या बीज पिकवणाऱ्या जुन्या गोळीने 19.1 टक्के जणींना बाळ झालं, लेट्रोझोलने 27.5 टक्के. म्हणजे चारातली एक, त्यामुळे 'शंभर टक्के रिझल्ट'वाल्या जाहिराती बघितल्या की संताप येतो. मेडिकलमधून स्वतःच आणून घेऊ नका, आधी थायरॉइड, प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन) आणि नवऱ्याची वीर्यतपासणी व्हायला हवी, ती शेवटची तर बरेचदा राहूनच जाते.

बहिणीच्या बाराव्या दिवसाच्या सोनोग्राफीत उजव्या बाजूला एकच मोठा काळा गोल दिसला, 18 मिलिमीटरचा, बाकीचे ठिपके होते तिथेच.