सूप प्यायलं की कोरियन माणसाचं वय वाढतं?

कोरियन माणूस जन्मतःच एक वर्षाचा असतो आणि नववर्षाला तॉकगुक, म्हणजे तांदळाच्या चकत्यांचं सूप, प्यायला की कायद्यानेही वर्षभराने मोठा होतो, असं अजूनही सांगितलं जातं. रूढीपुरतं हे बरोबर; कायद्याच्या बाबतीत साफ चूक. २८ जून २०२३ पासून दक्षिण कोरियात सरकारी आणि दिवाणी कामांत पूर्ण झालेली वर्षंच धरतात. दारू-तंबाखू आणि सैन्यभरतीला मात्र चालू सालातून जन्मसाल वजा करतात. म्हणून डिसेंबर २००७ मध्ये जन्मलेल्यालाही १ जानेवारी २०२६ पासून दारू विकत घेता येते. गोंधळ टिकून आहे तो यामुळेच.

सूप मात्र आजही घरोघरी होतं, विशेषतः सॉल्लालला, म्हणजे चांद्र नववर्षाला. तिरक्या कापलेल्या चकत्या सुकलेल्या असतील तर अर्धा तास थंड पाण्यात भिजवतात, मग उकळत्या गोमांसाच्या रश्शात सोडतात. तरंगून मऊ झाल्या की लगेच वाढायचं. जास्त उकळल्या तर स्टार्च सुटतो, रस्सा खळीसारखा होतो आणि चकत्या एकमेकींना चिकटतात. पाहुणे उशिरा येणार असतील तर रस्सा तयार ठेवावा, चकत्या ऐनवेळी घालाव्यात. वरून अंड्याच्या पातळ पोळीच्या पट्ट्या आणि भाजलेलं समुद्री शेवाळ.