वर्गमित्राच्या शोकसभेत 'पाप' येतं कुठून?

एखाद्या विद्यार्थ्याने आत्महत्या केली की शोकसभेत कुणीतरी धार्मिक वृत्तीची, वडीलधारी व्यक्ती समजुतीच्या स्वरात म्हणते, "आयुष्य देवानं दिलेलं, ते संपवणं पाप. त्याच्यासाठी प्रार्थना करू या." हेतू चांगलाच असतो. समोरच्या मुलांना मात्र एवढंच कळतं, की आपला मित्र मेल्यावरही दोषी ठरला. त्यांच्यातल्या ज्याच्या मनात तसेच विचार घोळत असतात, तो मग कुणापाशी तोंड उघडत नाही.

या वाक्यामागे मोठा इतिहास आहे. बायबलमध्ये आत्महत्येवर थेट बंदी नाही. पाचव्या शतकात ख्रिस्ती धर्मपंडित संत ऑगस्टीनने बायबलमधली 'हत्या करू नकोस' ही आज्ञा स्वतःच्या जिवालाही लावली. सहाव्या शतकात ब्रागा (आजच्या पोर्तुगालमध्ये) इथल्या चर्चच्या धर्मसभेने अशा मृतांचे अंत्यविधी नाकारले. इंग्लंडमध्ये तर प्रेत चौरस्त्यावर पुरत आणि मालमत्ता राजाकडे जमा होई. म्हणजे मेलेल्याच्या नावाने भोगायचं ते घरच्यांनी! अठराव्या शतकात अशा मृत्यूची चौकशी करणारे ज्युरी बहुधा 'भ्रमिष्ट होता' असा निकाल देऊन कुटुंबाला वाचवू लागले. चौरस्त्यावरचं दफन १८२३ मध्ये बंद झालं, जप्ती १८७० मध्ये. आत्महत्येचा प्रयत्न मात्र १९६१ पर्यंत गुन्हाच होता.

धर्मपरंपरेत दुसरा सूरही होता, तो सहसा कुणी सांगत नाही. 'सेमाखोत' या शोकविधींवरच्या ज्यू ग्रंथात लोद गावच्या एका मुलाची हकिकत आहे. तो शाळेतून पळाला, वडिलांनी मारायची धमकी दिली आणि त्या भीतीने त्याने जीव दिला. विधी करायचे की नाही, असं लोकांनी रब्बी (ज्यू धर्मगुरू) तारफोनना विचारलं. त्याचा कुठलाही विधी अडवू नका, असं त्यांनी सांगितलं. पाठोपाठ ग्रंथ बजावतो, की मुलांना अशा धमक्या देऊ नयेत. बोट मुलाकडे नाही, मोठ्यांकडे आहे.

कॅथलिक चर्चला इथवर यायला फार वेळ लागला. १९८३ च्या धर्मसंहितेत अंत्यविधी नाकारण्याच्या कारणांतून आत्महत्या वगळली गेली. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने अशा व्यक्तींच्या मुक्तीची आशा सोडू नये, असं म्हटलं. कृत्य चूकच, पण तीव्र मानसिक त्रासाने जबाबदारी कमी होते, हेही मान्य केलं.

अँग्लिकन म्हणजे इंग्लंडच्या चर्चचे पाद्री चॅड वॅरा यांचा रस्ता वेगळा होता. १९३५ मध्ये त्यांनी केलेला पहिलाच अंत्यविधी चौदा वर्षांच्या मुलीचा होता. पाळी सुरू झाली तेव्हा तिला तो गुप्तरोग वाटला होता, विचारायला कुणीच नव्हतं आणि तिने जीव दिला होता. १९५३ मध्ये त्यांनी लंडनमधल्या आपल्या चर्चमध्ये 'समॅरिटन्स' ही फोनसेवा सुरू केली. प्रत्यक्ष भेटायला आलेली माणसं वॅरांची वाट पाहत बसत, तेव्हा स्वयंसेवक त्यांच्याशी बोलत. त्यातल्या बऱ्याच जणांना पुढे पाद्र्याला भेटायची गरजच वाटेना. वॅरांनी ते ओळखलं, काम स्वयंसेवकांच्या हाती सोपवलं आणि फोनवर धर्मोपदेश करायचा नाही, असा दंडक घालून दिला.