करोनाकाळातील ऑनलाइन गजाली (कोकण)

करोनाकाळातील ऑनलाइन गजाली (मालवणीत गजाली म्हणजे गप्पा) म्हणजे मार्च २०२० ते मार्च २०२२ या दोन वर्षांत कोकण किनारपट्टीवरची गावे आणि त्या गावांची मुंबई-ठाण्यातली माणसे यांच्यात मोबाइलवरून चाललेले रोजचे बोलणे. घरची ख्यालीखुशाली, सरकारचे नवे नियम, आजारपण, आंब्याचा दर, एसटीची खबर, देवाचे कार्य असे सगळे विषय त्यात एकाच वेळी चालत. व्हॉट्सॲप हे त्याचे मुख्य माध्यम होते. फेसबुक, व्हिडिओ कॉल आणि साधा फोन जोडीला होते. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तीन जिल्ह्यांत हे बोलणे विशेष भरात होते. वरवर पाहता ही वेळ घालवायची बडबड वाटते. पण गावी कोणी यावे, कधी यावे आणि आल्यावर कुठे राहावे हे त्या काळातले सर्वांत अवघड प्रश्न याच बोलण्यात निघाले. त्यातले काही तिथेच मिटले, काही तिथेच चिघळले.

पार्श्वभूमी

कोकणातले कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या दोन ठिकाणी राहत आले आहे. कमावता माणूस आधी गिरणगावातल्या खोलीत असे, पुढे डोंबिवली, विरार, नालासोपाऱ्याकडे सरकला. म्हातारी माणसे, शेती आणि देव गावात राहिले. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या, तर रत्नागिरी जिल्ह्यात १,१२२ आणि सिंधुदुर्गात १,०३६. पुरुष कामासाठी बाहेर आहेत, हे या आकड्यांत उघड दिसते. या दोन घरांना जोडायला आधी पत्र आणि मनीऑर्डर होती, मग एसटीडी बूथ आला, मग मोबाइल. टाळेबंदी लागली तेव्हा वाडीचा, भावकीचा, शाळेच्या बॅचचा आणि मुंबई मंडळाचा (गावच्या मुंबईकरांच्या संघटनेचा) असे ग्रुप बहुतेकांच्या फोनवर आधीच होते. पालखीचे वेळापत्रक, वर्गणी आणि मयताची खबर एवढेच त्यांचे काम असे.

२०२० चा शिमगा मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात झाला. चाकरमानी, म्हणजे कामासाठी मुंबईत राहणारी गावची माणसे, पालखी नाचवून परत गेले आणि थोड्याच दिवसांत, २२ मार्चला जनता कर्फ्यू आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. काही जण गावीच अडकले, बहुतेक मुंबईच्या दहा बाय दहाच्या खोल्यांत. तिथून पुढे ग्रुपवर दिवसरात्र बोलणे सुरू झाले.

रोजचे बोलणे

सकाळ फुलांच्या चित्रांनी उजाडे. मग कोणाकडे काय शिजले, बांगडा मिळाला का, किराणा किती वेळ उघडा आहे, हे चाले. सुरुवातीला मासेमारीही थांबली होती. एप्रिल २०२० च्या दुसऱ्या आठवड्यात केंद्राने तिला सूट दिली, तेव्हा बंदरावरच्या ग्रुपमध्ये आधी आनंद झाला आणि लगेच प्रश्न आला की मासळी उचलणार कोण. २८ मार्चला दूरदर्शनवर रामायण पुन्हा सुरू झाले, ५ एप्रिलला रात्री ९ वाजता दिवे लागले. तुळशीवृंदावनापुढच्या पणत्यांचे फोटो त्या रात्री कोकणातून शेकड्यांनी गेले. संध्याकाळी सगळ्यांचा प्रश्न एकच: ‘आज किती?’ जिल्हा प्रशासनाची प्रेस नोट कोणीतरी टाकायचा आणि आपल्या तालुक्यापुढचा आकडा पाहूनच माणसे जेवायला बसत. रत्नागिरीचे स्वॅब तेव्हा मिरजेला तपासायला जात. त्यामुळे ‘रिपोर्ट येवचो आसा’ हे वाक्य दिवसेंदिवस लटकत राही आणि तेवढ्या वेळात त्या घराविषयी गावभर बोलून होई.

या बोलण्यात टाइप करणाऱ्यांइतकाच आवाज पाठवणाऱ्यांचा वाटा आहे, आणि तो भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. ज्या बायकांना लिहायची सवय नव्हती त्यांना नातवंडांनी माइकचे चिन्ह दाबून धरायला शिकवले. मग मागे कोंबडा आरवतो आहे, कोणीतरी गुरे हाकतो आहे आणि पुढे आजीचा आवाज: ‘हयसर सगळा बरा आसा. तुमी भायर जाव नकात. जेवलास काय?’ असे निरोप मुंबईत पुन्हा पुन्हा ऐकले गेले. मालवणी, संगमेश्वरी, बाणकोटी अशा बोली एरवी लिहिण्यात फारशा येत नाहीत. या काळात त्या हजारो फोनमध्ये साठल्या.

चाकरमानी आणि गाव

‘येवा, कोकण आपलाच आसा’ हे ज्या भागाचे पाहुण्यांना आमंत्रण, तिथे एप्रिल-मे २०२० मध्ये बाहेरून कोणी येऊ नये म्हणून गावाच्या वाटेवर झाडे आडवी टाकली गेली. मुंबईत रुग्ण वाढत होते, कामधंदा बंद होता, खोलीचे भाडे मात्र चालूच होते. लोक ई-पास काढून, मिळेल त्या गाडीने, काही तर रेल्वेच्या रुळांवरून चालत गावाकडे निघाले. रत्नागिरीच्या हद्दीवर कशेडी घाटात आणि सिंधुदुर्गच्या हद्दीवर खारेपाटणला तपासणीच्या रांगा लागल्या. ‘खय पोचलास?’ आणि ‘कशेडीक लाईन किती आसा?’ हे प्रश्न तेव्हा मिनिटामिनिटाला येत.

यावरून ग्रुपवर झालेली भांडणे कडवट होती. मुंबईकडचे म्हणत, घर आमचे आहे, घरपट्टी आम्ही भरतो, शिमग्याला वर्गणी मागताना आम्ही चालतो आणि जीव वाचवायला आलो की नको होतो. गावाकडचे म्हणत, इथे घरोघरी सत्तरीची माणसे आहेत, प्राथमिक आरोग्य केंद्रात ऑक्सिजन नाही आणि जिल्हा रुग्णालय दोन-दोन तासांवर आहे. दोन्ही बाजू खऱ्या होत्या. बरेचदा बोलणारे सख्खे भाऊ होते. कोणी रागाने ग्रुप सोडला, ॲडमिनने त्याला पुन्हा घेतले, काही घरांत मात्र त्या मे महिन्याचे मन अजून साफ झालेले नाही.

मार्गही याच ग्रुपवर निघाले. सरपंच, पोलीस पाटील, ग्रामसेवक आणि आशाताई यांना धरून गावोगाव ग्राम कृती दले उभी राहिली होती. कोण कधी निघतो आहे, बरोबर मूल आहे का, घरात वेगळी खोली आणि वेगळा संडास आहे का, याची माहिती आधीच फोनवर घेतली जाई. ज्यांची सोय नव्हती त्यांच्यासाठी जिल्हा परिषदेची शाळा झाडून ठेवली जाई. मुंबई मंडळे मास्क, सॅनिटायझर आणि तांदळासाठी पैसे काढत. शाळेत राहिलेल्या माणसाचा डबा घरून येई. आई तो व्हरांड्याच्या पायरीवर ठेवून मागे सरकायची आणि दोघे पंधरा पावलांवरून, कधी समोर दिसत असूनही फोनवर, बोलायची. बाहेरून आलेल्यांना इतक्या बारकाईने सांभाळणारी यंत्रणा बहुतांशी बिनपगारी किंवा मानधनावरच्या माणसांनी चालवली. आशाताईंना दिवसभर घरे फिरून रात्री ग्रुपवरच्या शंकांना उत्तरे द्यावी लागत.

हाच पेच गणपतीला पुन्हा आला. गणेश चतुर्थी २२ ऑगस्ट २०२० ला होती. गावी गेल्यावर १४ दिवस विलगीकरण की कमी, यावर जुलैभर चर्चा झाली. ऑगस्टच्या सुरुवातीला राज्य सरकारने १० दिवस ठरवले. १२ ऑगस्टपर्यंत पोहोचणाऱ्यांसाठी एसटी सोडल्या, एसटीने जाणाऱ्यांना ई-पास लागणार नव्हता, आणि १२ तारखेनंतर निघणाऱ्यांना चाचणी सक्तीची केली. सुट्टी न मिळालेल्यांचा तिथे निकाल लागला.

सण आणि देव

न आलेल्यांसाठी गावच्या माणसांनी देव सांभाळला. मूर्तीसाठी गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तिकाराच्या कारखान्यात, पाट नेऊन देणे हे कोकणात घरच्या माणसाचे काम. त्या वर्षी अनेक पाट शेजाऱ्याने नेले आणि रंगकाम चालू असलेल्या मूर्तीचा फोटो मुंबईला पाठवला. घरगुती मूर्ती २ फुटांपर्यंत, सार्वजनिक ४ फुटांपर्यंत, असा नियम होता. आरतीला फोन समईच्या बाजूला पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला जाई. रेंज मध्येच गेली की टाळ इकडे वाजत राही आणि तिकडे चित्र थिजून बसे.

गाऱ्हाणे, म्हणजे देवापुढे घातलेले मागणे, तेही फोनवरून गेले. गावकार किंवा घरातला वडील माणूस ‘बा देवा महाराजा’ म्हणून सुरुवात करतो, ज्याच्यासाठी मागणे आहे त्याचे नाव घेतो आणि बाकीचे प्रत्येक मागण्याला ‘व्हय महाराजा’ म्हणतात. त्या दोन वर्षांत मागणी बदलली. मुंबईत व्हेंटिलेटरवर असलेल्या भावासाठी, नोकरी सुटलेल्या मुलासाठी देवळात चार माणसे उभी राहत. रेकॉर्ड केलेला तो आवाज ज्याच्यासाठी होता त्याच्या कानाशी धरला जाई. मार्च २०२१ मध्ये मालवण तालुक्यातल्या आंगणेवाडीची भराडी देवीची यात्रा आंगणे कुटुंबीयांपुरती झाली. जत्रांवर जगणाऱ्या दशावतारी कलावंतांचे दोन हंगाम बुडाले.

आंबा आणि शाळा

टाळेबंदी आली ती ऐन हापूसच्या हंगामात. वाशीच्या बाजाराचे काही खरे नव्हते, ट्रक मिळत नव्हते, आंबा झाडावर थांबणार नव्हता. बागायतदारांच्या मुलांनी नातेवाइकांचे ग्रुप धरले, तिथून मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांचे ग्रुप मिळाले आणि पेट्या थेट दारात जाऊ लागल्या. पिकलेल्या आंब्याचा कापलेला फोटो, डझनाचा दर आणि गाडी कोणत्या दिवशी येणार, एवढ्यावर सौदा होई. दलालाच्या पट्टीची (विक्रीच्या हिशोबाची) वाट पाहणाऱ्या अनेकांना गिऱ्हाईक स्वतःहून बोलताना पहिल्यांदा भेटले.

ऑनलाइन शाळेची गोष्ट वेगळी. रेंज नाही म्हणून मुले सड्यावर (कातळाच्या उघड्या माळावर), डोंगराच्या टोकावर, पावसाळ्यात छत्री धरून बसली. एका घरात एकच फोन आणि शिकणारी दोन-तीन मुले असली की मागे राहणारी बहुधा मुलगी असे. यावर त्या वेळी ग्रुपवर कौतुकाचे फोटो फार फिरले, टॉवरच्या मागणीचे अर्ज कमी.

वादळ आणि पूर

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर, मुरूड, मंडणगड, दापोली या पट्ट्यात नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या, पत्रे आणि कौले उडाली, विजेचे खांब आडवे झाले. सगळे बोलणे त्या दुपारी तुटले. ‘दिवेआगरला कोणाचा फोन लागतोय का?’ हा प्रश्न मुंबईच्या ग्रुपवर दिवसच्या दिवस फिरला. मग कोणीतरी तालुक्याच्या गावी जाऊन जनरेटरवर फोन चार्ज करून पहिले फोटो पाठवले. आपल्या आजोबांनी लावलेली बाग भुईसपाट झालेली अनेकांनी अशी पाहिली. कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेले. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळूणमध्ये शिरले. वरच्या मजल्यावर आणि छपरावर अडकलेल्यांनी बॅटरी संपेपर्यंत आपले ठिकाण पाठवले आणि मुंबईत बसलेल्या मुलांनी ते मदत पथकांपर्यंत नेले. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळीयेवर दरड कोसळली.

अफवा, बहिष्कार, मृत्यू

काढ्याच्या कृती आणि घाबरवणारे व्हिडिओ कोकणातही सर्वत्र फिरले. व्हॉट्सॲपने ७ एप्रिल २०२० पासून फार वेळा पुढे ढकललेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. त्याहून मोठी हानी आपल्याच लोकांनी केली. रुग्णांची नावे, वाडी आणि कधी फोटोसुद्धा ग्रुपवर टाकले गेले. माणूस बरा होऊन घरी आला तरी त्याच्याकडचे दूध घेणे बंद, विहिरीवर त्याची पाळी शेवटची. लक्षणे लपवण्याकडे लोक वळले ते याच भीतीने. जून २०२१ मध्ये राज्यात डेल्टा प्लस या करोनाच्या नव्या प्रकाराचे २१ रुग्ण जाहीर झाले, त्यातले ९ रत्नागिरी जिल्ह्यातले होते. लगेच संगमेश्वर परिसराचे नाव घेऊन लोकांना टाळणे सुरू झाले.

एप्रिल-मे २०२१ मध्ये ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ एका ग्रुपवर दिवसातून दोन-तीनदा लिहावी लागे. मुंबईत गेलेल्या माणसाचे तोंडही गावाला दिसत नसे. बारावे-तेरावे व्हिडिओ कॉलवर झाले. त्याच दिवसांत लसीच्या स्लॉटची धावपळ होती. १ मेपासून १८ वर्षांवरच्यांना लस खुली झाली. शहरातली माणसे ग्रामीण केंद्रांवरच्या जागा आधी घेतात आणि गावच्या माणसाला नोंदणीचे ॲपही उघडता येत नाही, ही तक्रार रास्त होती. वाडीतल्या कॉलेजच्या मुलांनी शेजारच्या म्हाताऱ्यांची नोंदणी करून दिली.

नंतर

एप्रिल २०२२ च्या सुरुवातीला, गुढीपाडव्याच्या सुमारास, महाराष्ट्रातले निर्बंध उठले. ग्राम कृती दलांचे ग्रुप थंडावले किंवा देवळाच्या जीर्णोद्धाराच्या, वीज गेल्याच्या आणि बिबट्या दिसल्याच्या खबरांना लागले. फोन भरला की पुसले जाणारे पहिले तेच आवाजी निरोप होते, आणि त्यांतले बरेच आता कोणाकडेच उरलेले नाहीत. आंब्याची थेट विक्री मात्र टिकली. त्या हंगामात जोडलेली गिऱ्हाइके पाडव्याच्या आधीच पहिल्या पेटीची चौकशी करतात.